शब्द तोच, मुलूख निराळा

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेस देऊळगाव राजा हे गाव आहे. तेथून जालना फार दूर नाही. आज एकाच राज्यातील दोन शेजारची गावे म्हणून प्रवासी या वाटेने निर्धास्त ये-जा करतो. परंतु १९४८ पूर्वी याच वाटेवर एक सरहद्द होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. दोन्ही नाण्यांस रुपया हेच नाव, तथापि दोहोंचा भाव एक नव्हे. पलीकडच्या बाजारास जाणाऱ्याला नाणे मोडून घ्यावे लागे आणि बट्टा सोसावा लागे. नाव एक म्हणून मोल एक, असे समजून चालणाऱ्याचा व्यवहार खचित फसे.

राजकारणातील नावांची गोष्ट याहून वेगळी नाही. राजनिष्ठ, राष्ट्रीय, उदारमतवादी, प्रजासत्ताकवादी, राष्ट्रवादी ही नावे देशोदेशी चालतात. परंतु सरहद्द ओलांडताच त्यांचा भाव बदलतो, आणि कित्येकदा तर मुलूख तोच असून केवळ काळ पालटल्याने बदलतो. आज सुशिक्षित कुटुंबांतील मुले परदेशी राहतात, तेथील निवडणुकांच्या वार्ता घरोघरी पोहोचतात, आणि तेथली नावे येथल्या माणसांस व येथली तेथल्यांस सर्रास लावली जातात. त्यातून अमका देशभक्त व तमका देशद्रोही असे निवाडे जेवणाच्या पानावरही होऊ लागतात. म्हणून या नाण्यांची पारख करून पाहणे अगत्याचे आहे. आणि त्यासाठी वऱ्हाडाइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

प्रथम राजनिष्ठा हाच शब्द घ्यावा. राजनिष्ठ म्हणजे राजाशी एकनिष्ठ. परंतु वऱ्हाडच्या माणसाचा राजा कोण? १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, तो कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत दरसाल २५ लक्ष रुपये खंड ठरवून तो कायमच्या पट्ट्याने घेतला. जमीन इंग्रजांच्या ताब्यात, मालकी कागदोपत्री निजामाची. १९३६ च्या करारानंतरही निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली ती याच मालकीची खूण म्हणून. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हे. म्हणून १९१९ च्या सुधारणांनंतर येथील मतदार आपला प्रतिनिधी निवडून देत, आणि मग सरकार त्याच माणसाची नेमणूक करी, तेव्हा तो कायदेमंडळात बसे! अशा प्रांतातील एखाद्या पाटलाने राजनिष्ठ व्हावयाचे ठरविले असते, तरी त्याने मान कोणापुढे लववावी? हैदराबादेकडे पाहून की लंडनकडे पाहून? राजाशी निष्ठा आणि देशावर प्रेम या दोन वस्तू भिन्न आहेत, हा धडा वऱ्हाडास पुस्तकातून शिकावा लागला नाही.

मराठी भाषेने हा भेद फार नेमकेपणाने राखला आहे. राजद्रोह वेगळा आणि देशद्रोह वेगळा. इंग्रज सरकारने १८७० साली दंडविधानात १२४ अ हे कलम घातले. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा त्यातील गुन्हा. या कलमाखाली लोकमान्य टिळकांस १८९७ साली दीड वर्षाची शिक्षा झाली, आणि १९०८ साली सहा वर्षांची. ती त्यांनी मंडालेस भोगली. त्या दुसऱ्या खटल्याच्या अपिलाच्या खटपटीसाठी वऱ्हाडातून अमरावतीचे दादासाहेब खापर्डे विलायतेस गेले, परंतु यश आले नाही. न्यायालयाच्या दफ्तरी टिळक राजद्रोही ठरले, आणि त्याच वेळी लोकांच्या मनात ते लोकमान्य होते. राजद्रोही आणि देशभक्त ही दोन्ही विशेषणे एकाच माणसास, एकाच कृत्यासाठी लागली. राजद्रोह म्हणजेच देशद्रोह असे ज्यास वाटते, त्याने मंडालेची आठवण ठेवावी.

हे कलम स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अंमल स्थगित ठेवला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हे नाव उरले नाही. त्याऐवजी देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी १५२ वे कलम आले. ते कलम कसे वापरले जाते हा निराळा प्रश्न आहे. परंतु राजा गेला, तरी सरकार म्हणजेच देश असे मानण्याची सवय मागे राहू नये, ही जबाबदारी कायद्याइतकीच नागरिकांची आहे.

आता ‘राष्ट्रीय’ हा शब्द पाहावा. असहकाराच्या लाटेत १९२१ साली खामगावास टिळक राष्ट्रीय विद्यालय निघाले. त्या दिवसांत राष्ट्रीय शाळा याचा अर्थ कोणासही समजावून सांगावा लागत नसे. जी सरकारी मान्यता मागत नाही, सरकारी अनुदान घेत नाही, मातृभाषेतून शिकवते आणि मुलांच्या हाती सूत व हत्यार देते, ती राष्ट्रीय शाळा. तेथे मुलास घालणारा बाप सरकारी नोकरीची आशा सोडूनच घाली. ‘राष्ट्रीय’ या शब्दास अशी किंमत पडत होती.

हाच शब्द घेऊन आयर्लंडास जावे. तेथे १८३१ सालापासून ‘नॅशनल स्कूल’ निघाल्या, त्या इंग्रज सरकारच्याच पैशाने आणि देखरेखीने. प्रॉटेस्टंट व कॅथलिक मुले एकत्र शिकावी हा त्यांचा एक हेतू होता. पण शिक्षण इंग्रजीतून होई, आणि या शाळांनी आमच्या आयरिश भाषेचा घात केला असे तेथील देशभक्त म्हणत. आणि खुद्द इंग्लंडात? तेथे १८११ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल सोसायटी’च्या शाळा म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या शाळा. खामगावास राष्ट्रीय म्हणजे सरकारबाहेरचे, आयर्लंडात सरकारचे, इंग्लंडात धर्मसंस्थेचे. आयरिश देशभक्ताने खामगावच्या शाळेची पाटी वाचून तिला सरकारची शाळा समजले असते, तर दोष पाटीचा नव्हे, वाचणाऱ्याने नाणे न मोडता वापरले, हा दोष.

‘लिबरल’ या नावाचे असेच. महाराष्ट्रात हे नाव रानडे-गोखले यांच्या परंपरेस लागले. लोकांनी तिला नेमस्त म्हटले, आणि विरोधकांनी मवाळ. सरकारशी सनदशीर मार्गाने भांडावे, समाजसुधारणा व शिक्षण यांस जपावे, ही त्या पंथाची शिकवण. इंग्लंडात लिबरल म्हणजे हुजूर पक्षाचा प्रतिपक्ष, स्वातंत्र्याचा कैवारी. परंतु टिळकांस १९०८ साली मंडालेस धाडले, त्या वेळी भारतमंत्र्याच्या खुर्चीवर जॉन मोर्ले हे लिबरल पंडितच बसले होते! अमेरिकेत लिबरल म्हणजे गरिबांसाठी सरकारने अधिक करावे म्हणणारा. ऑस्ट्रेलियात १९४४ साली स्थापन झालेला लिबरल पक्ष हा तेथील उजवा पक्ष. आणि जपानात १९५५ पासूनचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष पुराणप्रिय लोकांचा. कोणी एखाद्यास नुसते लिबरल म्हणून शिवी दिली किंवा शाबासकी दिली, तर प्रथम विचारावे की कोणत्या देशचा?

गोखल्यांच्या बाबतीत हे नाव फार अन्यायकारक ठरले. जहाल पक्षाच्या पुष्कळांस ते सरकारधार्जिणे वाटत. पण १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडून सरकारशी झुंजणारे हेच गोखले. १९१४ साली देऊ केलेली ‘सर’ ही पदवी न स्वीकारणारेही हेच. १९१५ च्या फेब्रुवारीत त्यांचे देहावसान झाले, तेव्हा जन्मभर ज्यांच्याशी वाद झाला ते टिळक सिंहगडावरून पुण्यास आले आणि स्मशानात त्यांनी गोखल्यांच्या देशसेवेचा गौरव केला. मतभेद मिटले नव्हते. जहाल जहालच होते आणि मवाळ मवाळच. परंतु बिल्ला बाजूस सारून माणूस पाहण्याची दृष्टी त्या पिढीजवळ होती. आज मतभेद त्याहून मोठे नाहीत. ती दृष्टी मात्र दुर्मिळ होत आहे.

सर्वांत नवलाची कथा ‘रिपब्लिकन’ या नावाची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्यांनी योजिलेला रिपब्लिकन पक्ष त्यांच्या महानिर्वाणानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, नागपुरास स्थापन झाला. विदर्भातील खेड्यापाड्यांत रिपब्लिकन हा शब्द निळ्या झेंड्याबरोबर पोहोचला. समता, भूमिहीनांस जमीन आणि माणूस म्हणून मान, हा त्याचा अर्थ. त्या पक्षाची निवडणुकीची खूण हत्ती. तीच आधीच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचीही होती. आता अमेरिकेकडे पाहावे. तेथील रिपब्लिकन पक्ष १८५४ सालचा. गुलामगिरीचा फैलाव रोखण्यासाठी तो निघाला आणि लिंकन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्या पक्षाची खूणही हत्तीच. थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने १८७४ साली ती रूढ केली. परंतु आज त्या पक्षास उजव्या विचारांचा पक्ष म्हणून ओळखतात. नाव एक, प्राणी एक, पण चालण्याची दिशा निराळी! आणखी पुढे जावे, तर आयर्लंडात रिपब्लिकन म्हणजे सबंध बेट एक व्हावे म्हणणारा, आणि ऑस्ट्रेलियात इंग्लंडचा राजा नको म्हणणारा. मेहकरचा एखादा वृद्ध कार्यकर्ता परदेशच्या वार्तेत आपल्या पक्षाचे नाव ऐकून चकित झाला, तर हसण्याचे कारण नाही. त्याच्या घरी त्या शब्दाचा अर्थ अंगमेहनतीने मिळविलेला आहे.

‘राष्ट्रवादी’ या शब्दाबद्दल थोडक्यातच सांगता येईल. परकी सत्तेखालील भारतात तो मुक्तीचा शब्द होता. दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली ज्या नॅशनल पक्षाने सत्ता घेतली, त्याने वर्णभेदाचे राज्य उभारले. स्पेनमध्ये १९३६ च्या यादवीत फ्रँकोच्या बाजूने हे नाव घेतले; आणि त्याच देशाच्या बास्क प्रांतात राष्ट्रवादी म्हणजे स्पेनपासून आपले निराळेपण मागणारा. एकाच शब्दात बेडी तोडणारा, बेडी घालणारा आणि घर वेगळे करू पाहणारा, असे तिघे राहतात.

मग नावे निरर्थक आहेत काय? तसे म्हणणे उथळपणाचे होईल. नावांवाचून राजकारण चालत नाही, आणि देशद्रोह नावाची वस्तूच जगात नाही असेही नव्हे. आपल्या देशाचे रहस्य शत्रूस विकणारा कोणत्याही भाषेत द्रोहीच. परंतु द्रोह कृत्यावरून सिद्ध व्हावयाचा असतो, बिल्ल्यावरून नव्हे. म्हणून कोणाचेही नाव कानी पडताच तीन प्रश्न विचारावेत: हा शब्द कोणत्या मुलखातला, कोणत्या काळचा, आणि तो धारण करणाऱ्याने कोणाचे ओझे हलके केले किंवा कोणाच्या पाठीवर नवे लादले? पहिल्या दोन प्रश्नांनी शब्दाचा भाव कळतो, तिसऱ्याने माणसाचा.

जुन्या बाजारातील सराफ नाण्यावरचा छाप तर पाही, पण त्यावर विसंबून राहत नसे. तो नाणे दगडावर वाजवी, काट्यात तोली, आणि मग भाव सांगे. घराघरांतून, विशेषतः ज्या घरांतील तरुण जगाच्या चारी दिशांस पांगले आहेत तेथे, देशप्रेमाची पारख याच रीतीने व्हावी. भावाने भावास, पुत्राने पित्यास परमुलखातील छाप पाहून खोटा ठरवू नये. देऊळगाव राजाच्या वाटेवरची ती सरहद्द केव्हाच पुसली गेली. मनात नव्या सरहद्दी आखण्याचे कारण नाही.