स्मृती घडते कशी?

(पालक आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परीक्षेच्या आदल्या रात्री धडाधड म्हणून दाखवलेले उत्तर आठ दिवसांनी मुलाला आठवत नाही, हा अनुभव बहुतेक घरांत येतो. त्यावर घरातले निदानही ठरलेले असते : ‘लक्षच नाही’, ‘डोक्यात शिरत नाही’, ‘मुळात बुद्धीच बेताची’. बोलणारा हे शब्द विसरून जातो. ऐकणारे मूल मात्र ते विसरत नाही.

या निदानाच्या मुळाशी एक जुनी समजूत असते. मेंदू म्हणजे जणू मडके. कोणाचे मोठे, कोणाचे लहान, तर कोणाचे गळके. त्यात ज्ञान ओतायचे. राहिले तर हुशार, गळले तर मठ्ठ. गेल्या सव्वाशे वर्षांतील संशोधनाने ही समजूत निकालात काढली आहे. स्मृती ही मेंदूत साठवलेली वस्तू नसून मेंदूच्या रचनेत झालेला बदल आहे. हा बदल कसा होतो, हे एकदा समजले की मुलाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

सलग जाळे की स्वतंत्र पेशी?

१८७३ साली इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराच्या साहाय्याने चेतापेशी रंगवण्याची पद्धत शोधून काढली. मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळून गेलेल्या तंतूंचे एकसलग जाळे, असे त्यांचे मत होते. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी गोल्जींचीच पद्धत वापरून नेमका उलट निष्कर्ष काढला. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, पेशी एकमेकींच्या अगदी निकट येतात, पण एकजीव होत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक या दोन प्रतिस्पर्ध्यांना विभागून मिळाले. कालांतराने काहाल यांचेच म्हणणे खरे ठरले.

दोन पेशी जिथे भेटतात त्या ठिकाणाला चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ साली ‘सायनॅप्स’ हे नाव दिले. मराठीत त्याला संधिस्थान म्हणता येईल. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील सुमारे वीस भागांएवढीच फट तिथे असते. एका पेशीतून आलेला विद्युतसंदेश या फटीत रासायनिक द्रव्याच्या रूपाने उतरतो आणि पलीकडची पेशी तो ग्रहण करते. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांतील एकेका पेशीची अशी हजारो संधिस्थाने असू शकतात.

काहाल यांनी १८९४ साली लंडनमधील व्याख्यानात एक द्रष्टा विचार मांडला होता. मानसिक व्यायामाने नव्या पेशी निर्माण होत नसल्या, तरी असलेल्या पेशींमधील जोडण्या वाढत असाव्यात, असा तो विचार होता. त्या वेळी तो केवळ तर्क होता. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली त्याला नेमके रूप दिले. एक पेशी दुसरीला उत्तेजित करण्यात वारंवार सहभागी होत असेल, तर त्या दोघींमधील जोडणी बळकट होते, असे त्यांनी सांगितले. शेतातून रोज एकाच वाटेने माणसे गेली की पाऊलवाट पडते आणि ये-जा थांबली की त्यावर गवत उगवते, तसेच काहीसे हे आहे.

दोन अटींचे दार

हा तर्क प्रयोगाने सिद्ध व्हायला पंचवीस वर्षे लागली. दरम्यान, एका रुग्णाच्या दुर्दैवाने संशोधकांना दिशा दाखवली. हेन्री मोलायसन या अमेरिकन तरुणाला फेफऱ्याचा तीव्र विकार होता. १९५३ साली त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पस नामक भागाचा मोठा हिस्सा काढला गेला. फेफरे कमी झाले. पण त्यानंतर भेटलेला माणूस काही मिनिटांतच त्याच्या स्मृतीतून पुसला जाई. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, तरी प्रत्येक भेटीत त्या त्याला अनोळखीच असत. तरीही आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे काम तो सरावाने शिकला. आपण हे पूर्वी केले आहे, याची मात्र त्याला आठवणच नसे. नव्या घटना लक्षात राहण्यासाठी हिपोकॅम्पस आवश्यक असतो आणि हाताचे कौशल्य मेंदूत वेगळ्या वाटेने रुजते, हे त्यातून स्पष्ट झाले.

याच हिपोकॅम्पसमध्ये टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांना हवा असलेला पुरावा सापडला. सशाच्या मेंदूतील एका मार्गावर त्यांनी जलद विद्युतस्पंदांचा मारा केला. त्यानंतर त्या मार्गावरील संधिस्थाने तासन्‌तास अधिक जोरकस प्रतिसाद देत राहिली. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

हे घडवून आणणारी यंत्रणा विलक्षण आहे. संदेश ग्रहण करणाऱ्या पेशीवर एनएमडीए नावाचे एक प्रकारचे दार असते. ते उघडण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. पलीकडून ग्लुटामेट हे संदेशवाहक द्रव्य यावे लागते आणि ग्रहण करणारी पेशी त्याच क्षणी पुरेशी उत्तेजित असावी लागते. दुसरी अट पूर्ण होईपर्यंत मॅग्नेशियमचा कण दारात बुचासारखा बसलेला असतो. दोन्ही अटी जुळल्या की बूच निघते, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी आपल्या पृष्ठभागावर संदेश टिपणारे आणखी ग्राहक आणून बसवते. पुढच्या वेळी तोच संदेश अधिक प्रबळपणे पोहोचतो. याच्या उलट प्रक्रियेने जोडणी दुबळीही होते. अनावश्यक ते विसरणे हादेखील शिकण्याचाच एक भाग आहे.

गोगलगायीने दिलेला धडा

ही झाली काही तासांची गोष्ट. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या स्मृतीचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एरिक कँडेल यांचे आयुष्य गेले. १९२९ साली व्हिएन्नात जन्मलेल्या या ज्यू मुलाला नाझी राजवटीमुळे १९३९ साली अमेरिका गाठावी लागली. बालपणीच्या त्या दिवसांची कधीही न पुसलेली आठवण आपल्याला स्मृतीच्या अभ्यासाकडे घेऊन आली, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. मानवी मेंदूचा पसारा अफाट असल्याने त्यांनी अ‍ॅप्लिशिया ही सागरी गोगलगाय निवडली. तिच्या चेतापेशी अवघ्या वीस हजारांच्या आसपास आणि काही तर नुसत्या डोळ्यांनी दिसण्याएवढ्या मोठ्या.

तिच्या शरीराच्या एका भागाला हलका स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते. निरुपद्रवी स्पर्श पुन्हा पुन्हा झाला की ती दुर्लक्ष करायला शिकते. कँडेल आणि सहकाऱ्यांना इथे एक लक्षणीय गोष्ट आढळली. सलग चाळीस वेळा स्पर्श केला, तर हे शिकणे जेमतेम एक दिवस टिके. तेच चाळीस स्पर्श रोज दहा याप्रमाणे चार दिवसांत विभागून दिले, तर ते कित्येक आठवडे टिके. श्रम तेवढेच, फळ मात्र कितीतरी पटींनी अधिक.

याचे कारण पेशींच्या आत आहे. अल्पकालीन स्मृतीसाठी असलेल्या जोडणीतच तात्पुरता फेरफार पुरतो. दीर्घकालीन स्मृतीसाठी पेशीच्या केंद्रकातील जनुके जागी व्हावी लागतात, नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. प्रथिननिर्मिती थांबवणारे द्रव्य दिले, तर अल्पकालीन स्मृती राहते, दीर्घकालीन स्मृती मात्र तयारच होत नाही. हा बदल सूक्ष्मदर्शकाखाली मोजताही आला. ज्या पेशीची संधिटोके एरवी सुमारे १,३०० असत, तिची टोके धोक्याला अधिक सावध व्हायला शिकलेल्या गोगलगायीत दुपटीच्या घरात गेली. दुर्लक्ष करायला शिकलेल्या गोगलगायीत ती साडेआठशेच्या आसपास उतरली. शिकण्याने शरीराची रचना बदलते, हे वाक्य अलंकारिक राहिले नाही. कँडेल यांना २००० साली इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

बांधकामावर पाणी मारून ते मुरू द्यावे लागते; एका रात्रीत चार मजले चढवता येत नाहीत. आदल्या रात्रीच्या पाठांतराचेही तसेच आहे. मुलाची बुद्धी कमी पडलेली नसते, बांधकामाला सवडच मिळालेली नसते. या सवडीत झोपेचाही वाटा मोठा आहे. दिवसभरात चाललेल्या वाटेशी निगडित हिपोकॅम्पसमधील पेशी झोपेतही पुन्हा एकत्र स्फुरतात, हे १९९४ साली उंदरांवरील प्रयोगात दिसून आले. झोप मोडून केलेला अभ्यास म्हणजे एका हाताने बांधायचे आणि दुसऱ्या हाताने पाडायचे.

सराव आणि मानवी मेंदू

गोगलगायीवरून माणसाकडे यायचे, तर लंडनच्या टॅक्सीचालकांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. परवाना मिळवण्यासाठी त्यांना शहरातील सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात; त्यात तीन-चार वर्षे जातात. या चालकांच्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले. मुळात ज्यांचा हा भाग मोठा तेच चालक होत असतील, अशी शंका घेतली गेली. म्हणून पुढे ७९ उमेदवारांची प्रशिक्षणापूर्वी आणि नंतर तपासणी झाली. २०११ सालच्या या अभ्यासात उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांच्याच मेंदूत वाढ आढळली; अनुत्तीर्णांच्या मेंदूत नाही.

आपल्याकडील पाठशाळांत वेदपठणाची परंपरा आहे. घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे या क्रमाने शब्द उलटसुलट गुंफले जातात. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात यजुर्वेदाचे अध्ययन केलेल्या २१ पंडितांच्या मेंदूची तुलना अन्य २१ जणांशी करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भाषा आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांत लक्षणीय फरक आढळला. ही बाब समाधानाची खरी. पण लंडनबाबतची शंका इथेही लागू होते. विद्यार्थिदशेपासून वर्षानुवर्षे मागोवा घेणारा अभ्यास झाल्याशिवाय हा फरक पठणामुळेच पडला, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंपरेविषयी आदर बाळगणाऱ्याने पुराव्याची मर्यादाही पाळली पाहिजे.

पाठांतराविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तक मिटून आठवून पाहणे हे पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर झालेल्या, २००६ सालच्या एका अभ्यासात आठवड्यानंतर आठवून पाहणारेच पुढे होते. आजीने परवचा म्हणवून घ्यावी, चुकले तिथे सांगावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे, यात रोजचे अंतर आणि आठवण्याचा प्रयत्न दोन्ही आपोआप साधत असत.

भीतीचा ठसा

अभ्यास व्हावा म्हणून धाक हवा, असे मानणारे पालक अनेक आहेत. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी केलेले काम त्यांनी जाणून घ्यावे. रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूचे त्यांनी निरीक्षण केले. हिपोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडल्या होत्या, तर भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागात त्या फोफावल्या होत्या. हे २००२ सालचे संशोधन. दोन वर्षांनंतरच्या पुढील अभ्यासात उंदरांना एकवीस दिवस तणावमुक्त ठेवले. हिपोकॅम्पस सावरला, अमिग्डालातील वाढ मात्र तशीच राहिली. उंदीर आणि मूल यांत अंतर आहे, हे मान्य. तथापि, सततच्या भीतीखाली मेंदू पाठ विसरतो आणि भीती लक्षात ठेवतो, हा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

उशीर झाला का?

लहानपणी मेंदूची घडण सर्वांत वेगाने होते. मांजराच्या पिलाचा एक डोळा सुरुवातीच्या काही आठवड्यांत झाकून ठेवला, तर त्या डोळ्याशी जुळलेल्या मेंदूतील जोडण्या दुबळ्या पडतात, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल यांनी १९६० च्या दशकात दाखवले. परंतु ठरावीक वयानंतर सारे दरवाजे बंद होतात, असेही नाही. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात भारतातील जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या. दृष्टी आल्यानंतर लगेच तपासलेल्या, आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांना हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता येईना. मात्र ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांना ते काही दिवसांतच जमू लागले. २०११ साली प्रसिद्ध झालेला हा वृत्तान्त प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. अंधारात दहा-पंधरा वर्षे काढलेला मेंदू जर नव्याने जोडण्या करू शकतो, तर सातवीतल्या मुलाला अपूर्णांक येत नाहीत म्हणून त्याच्या आयुष्याचा निकाल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आज घरी गेल्यावर एवढेच करावे. उद्याचा पाठ चार दिवसांत विभागावा. पुस्तक मिटून मुलाला आठवू द्यावे. वेळेवर झोपू द्यावे. आणि चुकले तर आवाज न चढवता पुन्हा विचारावे. ‘डोक्यात शिरत नाही’ असे म्हणण्याचा मोह झालाच, तर त्या डोक्यात त्या क्षणी काहीतरी बांधले जात आहे, याचे स्मरण ठेवावे. आपला शब्दही त्या बांधकामातच जाणार आहे.