आसन, पट्टा आणि दोन मिनिटांचे अर्थशास्त्र

(बंगळुरू येथील सर्जापूर रोडवर स्पर्धा परीक्षांच्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



सर्जापूर रोड म्हटला की विप्रोचे मुख्यालय आणि माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये डोळ्यांपुढे येतात. परंतु या वस्तीला लागणारा माल दारात पोहोचण्यापूर्वी कुठल्या तरी गोदामात उतरतो आणि तेथे तो फोर्कलिफ्टने हलविला जातो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. राज्यागणिक लहान गोदामे ठेवण्याची निकड त्यामुळे कमी झाली व मोठ्या गोदामांना चालना मिळाली. या बदलाचा विचार चालकाच्या आसनापासून सुरू करू या.

वेगात वळताना किंवा उतारावर आडवी चालविताना फोर्कलिफ्ट कलंडू शकते. अशा वेळी चालक सहजप्रेरणेने उडी मारतो आणि नेमका यंत्राच्या संरक्षक छताखाली चिरडला जातो. पट्टा त्याला आसनावर धरून ठेवतो. यंत्र कलंडू लागताच उडी न मारता स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि पडण्याच्या विरुद्ध बाजूस झुकावे.

पाळी बदलली की चालक बदलतो; म्हणून आसनही नव्याने जुळवावे लागते. पाठ टेकलेली असताना ब्रेक पूर्ण दाबता यावा, इतके ते पुढे-मागे सरकवून खटका बसल्याची खात्री करावी. आसनाखालील स्प्रिंगचा ताण स्वतःच्या वजनानुसार ठेवावा. पट्टा पोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडांवर, पीळ न पडता बसावा. रोज त्याची वीण, बक्कल व बोल्ट तपासावेत. झटका देऊन ओढल्यास तो अडकतो का, हे पाहावे. सौम्य साबणाच्या पाण्याने तो पुसावा. विरलेला किंवा अपघातात ताण सोसलेला पट्टा शिवून वापरू नये, बदलावा.

याला जेमतेम दोन मिनिटे लागतात. प्रश्न असा की, ही मिनिटे कोणाची? फेऱ्यांवर मजुरी मिळत असेल, तर ती कामगाराच्या खिशातून जातात. मग पट्टा आसनामागे लोंबकळत राहतो. बचतीचा लाभ व्यवस्थापनाला आणि जोखीम चालकाच्या कुटुंबाला, अशी ही विभागणी आहे. अर्थशास्त्रात यालाच बाह्य खर्च म्हणतात. केवळ दंड करून तो मिटत नाही. तपासणीचा वेळ पाळीच्या पगारी वेळेतच धरला पाहिजे.

राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाच्या न्याय्य व मानवोचित परिस्थितीचे मार्गदर्शक तत्त्व आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन भोगवटादाराची सर्वसाधारण कर्तव्ये स्पष्ट करण्यात आली. १३ कायद्यांचे एकत्रीकरण करणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

उद्या आपल्यापैकी कोणी प्रशासनात जाईल, गोदामाची पाहणी करील. तेव्हा नोंदवही जरूर पाहावी. पण त्याआधी पट्टा स्वतः ओढून पाहावा. तो धुळीने माखलेला असेल, तर नोंदवहीतील सह्या कितीही नियमित असल्या तरी तो वापरात नाही, हे उघड होईल.