सही कापायची नाही, मागायची

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



समितीनं मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही ठरवून दिला आहे. सकाळी नोंदणीच्या टेबलावर तुमच्या हातात एक कार्ड पडलं. त्यावर आपल्या दहावीच्या ग्रुप फोटोतला तुमचा चेहरा आहे, मागे रोल नंबर आहे, टोपणनाव आहे, गॅदरिंगमध्ये पडलेला फिशपाँड आहे, आणि पुढच्या बाजूला खाली एक रिकामी खिडकी आहे. सकाळपासून वीस जणांनी विचारलं, "काय बे, हे भोक कशासाठी ठेवलं?" त्या भोकाबद्दलच बोलायचं आहे.

आठवीपासून आपल्या वर्गात क्रिकेटच्या कार्डांचं वेड होतं. बबलगमसोबत खेळाडूंची चित्रं यायची, पण ती पाहिजे त्याची कधीच निघायची नाहीत. मग आपण घरीच कार्डं करायला लागलो. 'स्पोर्ट्सस्टार' नाही तर संदीप पाटलांचं 'एकच षटकार', कुणाच्या तरी काकांकडून जुना अंक मागायचा, फोटो कापायचा, लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर मैद्याच्या खळीनं चिकटवायचा. मागे बॉलपेननं सामने, धावा, बळी. सरासरी काढताना भागाकार चुकला तर कार्डाची किंमत उतरायची. आमचं अर्धं गणित तिथंच पक्कं झालं, असं मी आजही म्हणतो.

३१ ऑक्टोबर १९८७ ला तर कहर झाला. रिलायन्स विश्वचषक, नागपूरचं मैदान, समोर न्यूझीलंड. आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर चेतन शर्मानं ओळीनं तीन त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिलीच हॅट्ट्रिक. मग अंगात ताप असताना गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या, आणि २२२ चं लक्ष्य भारतानं ३२.१ षटकांत गाठलं. गावसकरांचं एकदिवसीय सामन्यांतलं ते एकमेव शतक. पाचच दिवसांनी मुंबईत उपांत्य सामना हरलो आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्दही तिथंच संपली. त्यानंतर आपल्या वर्गात गावसकरांच्या एका कार्डाला तीन-तीन कार्डं देणारे लोक होते. आज इथं समोर बसले आहेत, हसताहेत.

कुठल्याशा अंकात गावसकरांच्या फोटोखाली त्यांची सही छापलेली होती. ती कापून आपल्या एका मित्रानं कार्डात बसवली आणि "ओरिजिनल आहे" म्हणून वर्गभर मिरवली. पी.टी.च्या तासाला सरांनी ते कार्ड पकडलं. सगळ्यांना वाटलं, आता फाडतील. सरांनी ते उजेडात धरलं, अंगठ्यानं चोळून पाहिलं आणि म्हणाले, "हे सहीचं चित्र आहे रे. सही म्हणजे माणूस तिथं होता, त्याचा हात त्या कागदावर टेकला होता." मग खिशातून लाल पेन काढलं, हजेरीच्या कागदाचा एक तुकडा फाडला, त्यावर स्वतःची सही केली आणि म्हणाले, "ही घे. आपली आहे, पण खरी आहे." पोस्टल ग्राउंडवर आपल्याकडून पहाटे चकरा मारून घेणाऱ्या त्या सरांचं कार्ड दुसऱ्या दिवशी वर्गात तयार होतं. गावसकरांच्या बरोबरीनं त्याचा भाव लागला होता.

हा छंद काही आपलाच नव्हता. इंग्लंडमध्ये १८९६ साली सिगारेटच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची कार्डं निघाली. ज्यांच्या नावानं रणजी करंडक आहे ते रणजितसिंहजीही पुढे अशा कार्डांवर आले. अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डांचा तर मोठा बाजार आहे. अडीच इंच बाय साडेतीन इंच हा तिथला आकार १९५७ पासून रूढ आहे, तोच आपण घेतला. तिथं दिवंगत खेळाडूची जुनी पत्रं, चेक विकत घेतात, त्यांवरची सही कापून कार्डाच्या खिडकीत बसवतात आणि ते कार्ड महागात विकतात. काही लोक घरीही तशी कार्डं करतात. यावर तिथं वादही आहे. एक बाजू म्हणते, सही हजारोंपर्यंत पोहोचते. दुसरी म्हणते, अख्खं पत्र मेलं आणि तुकडा उरला.

हा वाद आपल्या समितीतही झाला, म्हणून हे सांगितलं. पहिला बेत असा होता की निरोप समारंभाच्या ऑटोग्राफ बुकांतून सह्या कापायच्या आणि कार्डांत बसवायच्या. सात जणांकडे ती पुस्तकं अजून आहेत. गुलाबी, पोपटी पानं, मधोमध दुमडलेली. कात्री टेबलावर आली. तेवढ्यात एका मैत्रिणीनं तिच्या पुस्तकातलं एक पान उघडून दाखवलं. पुढच्या बाजूला आपल्या डावखुऱ्या गोलंदाजाची सही होती. दहावीनंतर तो कळंबकडे घरच्या शेतीत गेला, तो आज आपल्यात नाही. त्याची दुसरी सही कुठल्याच पुस्तकात सापडली नाही, कारण त्या दिवशी तो लवकर निघून गेला होता. आणि त्याच पानाच्या मागे पी.टी.च्या सरांनी दोन ओळींचा आशीर्वाद लिहून लाल सही केली होती. सरही गेले. पुढची सही कापली की मागचा आशीर्वाद तुटतो, मागची कापली की पुढची जाते.

समितीत दोन तट पडले. एक म्हणाला, "दोन्हीकडून खिडकी ठेव, एकाच कार्डात दोघंही बसतात." युक्ती चांगली होती, पण ते कार्ड द्यायचं कुणाला? मित्राच्या मुलीला की सरांच्या घरी? शेवटी ती मैत्रीण म्हणाली, "पान माझं आहे, पण सह्या माझ्या नाहीत. मी कापू देणार नाही." कात्री ड्रॉवरमध्ये गेली.

मग आपण तीन नियम केले. पहिला, जे गेले त्यांची सही कापायची नाही, तिची रंगीत प्रत काढायची आणि कार्डाच्या मागे 'प्रत' असं स्पष्ट लिहायचं. सरांनीच शिकवलं आहे, चित्राला सही म्हणायचं नाही. दुसरा, मूळ पान पुस्तकातच राहील. ते पुस्तक आज त्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं आहे. सकाळी मित्राची मुलगी आली होती. बाबांचं अक्षर तिनं बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "ते शेवटपर्यंत असंच 'र' काढायचे." तिला प्रतीचं कार्ड दिलं. सरांच्या घरचं कार्ड उद्या आम्ही दोघं नेऊन देणार आहोत.

तिसरा नियम तुमच्यासाठी. जे आहेत त्यांची जुनी सही कापण्यापेक्षा नवी मागायची. म्हणून तुमची खिडकी रिकामी आहे.

आता कृती ऐका, म्हणजे कार्ड टिकेल. कार्डाला तीन थर आहेत. वरच्यात खिडकी, मधल्यात चिठ्ठीच्या मापाचा खाचा, मागे आधार. मधला थर चिठ्ठीपेक्षा किंचित जाड ठेवला आहे, म्हणून कार्ड फुगत नाही. चिठ्ठीवर पेन्सिलनं फिकी चौकट आखली आहे, सही तिच्या आत करा, नाही तर आडनावाची शेपटी खिडकीमागे जाईल. बॉलपेन वापरा. शाईपेनची सही ओल लागली की पसरते, जेल पेनची ओली असताना पुसते. सहीच्या मागे गोंद लावू नका, चिठ्ठी खाच्यात नुसती ठेवायची, खळ फक्त थरांच्या कडांना. सेलोटेप नको, काही वर्षांत पिवळा पडतो आणि डाग सोडतो. दत्त चौकात नेऊन गरम लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ती चिठ्ठी पुन्हा कधी बाहेर काढता येणार नाही. वरून प्लास्टिकचं पाकीट पुरेसं आहे. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा.

एक अडचण सकाळीच आली. एका मैत्रिणीनं चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, "कोणत्या नावानं करू? शाळेतल्या की आताच्या?" पस्तीसहून जास्त वर्षांत तिनं शाळेतल्या नावानं सही केलेली नाही. बँकेत चालत नाही, आधारवर नाही, सातबाऱ्यावरून तर कधीच गेली. मी म्हटलं, दोन चिठ्ठ्या घे. तिनं आधी जुनी केली, सावकाश, वडिलांच्या नावासकट, आणि म्हणाली, "अजून येते की मले!" तेव्हा मुलींनो, प्रत्येकीसाठी दोन चिठ्ठ्या आहेत. कुठली खिडकीत लावायची आणि कुठली मागे ठेवायची, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि एक सांगतो. आपल्या सगळ्यांच्या सह्या आता फोनवरच्या ओटीपीनं गिळल्या आहेत. पोरं विचारतात, सही कशाला लागते? आज इथं बसून कुणाच्या तरी कार्डासाठी सही करा, म्हणजे त्याला घरी दाखवता येईल, की हा माणूस होता, माझ्याजवळ बसला होता, आणि माझ्यासाठी त्यानं पेन हातात घेतलं होतं.

चिठ्ठ्या प्रत्येक टेबलावर आहेत. पहिल्या सह्या गुरुजनांच्या. बाई, तुमच्यासमोर लाल पेनही ठेवलं आहे. आज फक्त सही करा, शेरा लिहू नका.