घरातलेच शब्द



दहावीच्या मराठीला अडखळलेला आमचा मुलगा पुढे सरकारी अर्जापाशीही अडखळतो. घरात उर्दू, म्हणून मराठी परकी, असे आपण धरून चालतो. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मोबाईलवर त्यात ‘तारीख’, ‘वकील’, ‘जमीन’ काढून पाहा. अरबी-फारसी मुळाची खूण तिथेच सापडेल. मात्र सावध! ‘खाली’ उर्दूत रिकामे, मराठीत तळाला. असे फसवे शब्द ‘अँकी’सारख्या साधनात घाला; चुकलेला शब्द ते लवकर पुन्हा विचारते. मोबाईल हिसकावणाऱ्या पालकांनी एवढी पंधरा मिनिटे सोडावीत. मुलांनी रोजचे पाच शब्द आईलाही विचारावेत; तिला त्यांतले बरेच ठाऊक असतात.