ठिकाण किती आकडी लिहायचे?

(चारकोप येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या केसच्या वहीत पूर्वी पत्ता असायचा : सेक्टर, सोसायटी, घर नंबर. आता मोबाइलवर फॉर्म भरला की अक्षांश-रेखांशही आपोआप नोंदले जातात. चारकोपचे साधारण १९.२१ आणि ७२.८२. क्रम उलटा झाला तर आपली बाई थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाऊन पडते! हसू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश आधी, काहींत रेखांश. यादी इकडून तिकडे नेताना असे होते.

पण मला बोलायचे आहे ते दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांबद्दल. दोन आकडे म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीन म्हणजे शंभर-एकशेदहा मीटर, चार म्हणजे अकरा, पाच म्हणजे एक मीटर, घराचा उंबरठाच.

फोन सहा आकडे दाखवतो म्हणून ते खरे मानू नका. मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटरची चूक धरावी लागते. इथे तर १९८० च्या दशकात वर्ल्ड बँकेच्या मदतीने आखलेल्या छोट्या प्लॉटांवर भिंतीला भिंत लागून मजले चढलेत. उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका मागच्या गल्लीत पडतो. मजला तर कळतच नाही. एकदा रात्री असा ठिपका पाहून आम्ही दोघी भलत्याच दारात उभ्या राहिलो होतो. म्हणून ११२ ला फोन लावलात तरी सोसायटी आणि मजला तोंडाने सांगाच.

मदत मागताना आकडे जितके जास्त तितके बरे. पण मार खाऊन मैत्रिणीकडे लपलेल्या बाईचे ठिकाण पाच आकड्यांनी लिहायचे आणि ती यादी चार संस्थांना पाठवायची, म्हणजे नवऱ्याच्या हाती किल्ली देणे. नाव खोडले तरी ठिपका बोलतो. अहवालाला तीन आकडे पुरतात. चारकोपात तेवढ्या जागेत कितीतरी बिऱ्हाडे मावतात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधल्या पाड्यावर मात्र तेवढ्यात एकच घर असू शकते, तिथे दोनच ठेवा. अंधाऱ्या रस्त्यांच्या पाहणीचे निराळे : महापालिकेला नेमका खांब दाखवायचा असतो. तिथे आकडे कापू नका, उलट चूक किती मीटरची आणि तारीख-वेळ हेही लिहा.

फॉर्म बनवणारा म्हणेल, "ताई, तीनच दिसतील असं केलंय." पडद्यावर तीन दिसतात, मूळ तक्त्यात सहा तसेच राहतात. तो तक्ता त्याच्याकडून आपल्यासमोर उघडून घ्या, आणि तो आणखी कोणाकोणाला उघडता येतो, तेही विचारा.