कान दुखतो कुठे, बघायचे कसे?

(गणेशोत्सवातील आरोग्य व्याख्यानाचा गोषवारा)



वेळ थोडा आहे, म्हणून आज फक्त बाहेरच्या कानाबद्दल बोलतो. पाळीपासून पडद्यापर्यंतचा हा मार्ग जेमतेम अडीच सेंटीमीटरचा. आपल्या लक्ष्मी गेटकडे पावसाळ्यात हवा दमट झाली, की माझ्याकडे कानाचे रोगी वाढतात.

आधी एक सोपी परीक्षा. कानाची पाळी हलकेच ओढा. कळ आली तर दुखणे बहुधा बाहेरच्या कानाचे. काही न होता आत ठणकत असेल तर कारण पडद्यामागे, दाढेत किंवा घशातही असू शकते.

मळ म्हणजे घाण नव्हे, ते कानाचे संरक्षण आहे. तो आपोआप बाहेर सरकतो. काडी, हेअरपिन किंवा रस्त्यावरच्या कनमैलियाची सळई त्याला आत ढकलते आणि त्वचाही खरवडते. आंघोळीनंतर दडा बसला तर मळ मऊ करणारे थेंब तीन-चार दिवस घालावेत, मग डॉक्टरांकडून काढून घ्यावा. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल, तर विचारल्याशिवाय थेंब नकोत, पाणीही नको.

खरवडलेल्या जागी जंतू शिरले की केसाच्या मुळाशी फोड येतो, कान सुजतो. सतत खाज असेल आणि ओल्या कागदाच्या लगद्यासारखा, काळे ठिपके असलेला मळ दिसला, तर ती बुरशी. तिथे उरलेसुरले अँटिबायोटिक थेंब घालू नका, बुरशी उलट वाढते. कान स्वच्छ करून बुरशीनाशक थेंब घालावे लागतात आणि कान कोरडा ठेवावा लागतो.

मुलाने कानात वाटाणा घातला तर पाणी सोडू नका, तो फुगतो. घड्याळाचा बटण-सेल असेल तर कोणतेही थेंब न घालता तडक दवाखाना गाठा.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरातल्या मधुमेही आजोबा-आजींचा कान रात्री झोपमोड होईल इतका दुखत असेल, तर "मळ असेल" म्हणून तेल घालत बसू नका. हा संसर्ग हाडात उतरतो, तोंड वाकडे होऊ शकते, जिवावरही बेतते. १९६८ साली अमेरिकेतील डॉ. चँडलर यांनी याला 'घातक' हे विशेषण लावले, ते उगाच नव्हे. आज औषधे चांगली आहेत, पण ती कित्येक आठवडे घ्यावी लागतात, साखरही ताब्यात ठेवावी लागते. लवकर आलेला रोगी बहुधा बरा होतो.

तेव्हा मंडळी, घरी गेल्यावर काड्यांची डबी फेकून द्या आणि आजोबांना कानाबद्दल एकदा विचारा.