नळी ओळखावी, मग काडतूस निवडावे

(नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांपुढे सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खंडेनवमीला शस्त्राला गंधफूल वाहण्याचा प्रघात सातारा-सांगली भागात आजही आहे. साताऱ्याजवळचे एक गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच उभी राहिली. अशा मातीतील एखाद्या मुलीने एन.सी.सी.च्या शिबिरात ‘पॉइंट टू-टू’ हाती घेतली आणि घरी येऊन ‘मला नेमबाज व्हायचे आहे’ असे सांगितले, तर त्यात नवल नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. बोअर कोणता, काडतूस कोणते, आणि मध्यमवर्गीय घराच्या मिळकतीत हे सारे बसवायचे कसे?

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. त्याचे वडील शिक्षक. मुलाच्या काडतुसांसाठी त्यांनी कर्ज काढल्याची हकीकत तेव्हा वृत्तपत्रांतून आली होती. कर्ज रायफलीपेक्षा काडतुसांसाठी काढावे लागते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. रायफल एकदा घेतली की अनेक वर्षे पुरते. काडतूस मात्र रोज संपते.

बोअरविषयी फार खल करण्याचे कारण नाही. नियमाने तो ठरवून दिलेला आहे. १० मीटरला ४.५ मि.मी.ची हवाई रायफल. ५० मीटरला ५.६ मि.मी., म्हणजेच ‘.२२ लाँग रायफल’. हे काडतूस १८८७ सालचे. ३०० मीटरच्या स्पर्धेत ८ मि.मी.पर्यंतचा बोअर चालतो; परंतु १९७२ नंतर तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. त्याचा धक्का मोठा, खर्च मोठा आणि तेवढे लांब मैदान मिळणेही दुर्घट. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

५० मीटरची रायफल एकनळी आणि एकेरी भरणीची असते; प्रत्येक काडतूस हाताने बसवावे लागते. यात नियमाचे बंधन आहे, तसा लाभही आहे. शिशाची मऊ गोळी मॅगझिनमध्ये घासून विद्रूप होत नाही. स्पर्धेच्या रायफलीत काडतुसाचे घर मुद्दाम घट्ट राखलेले असते. म्हणून ‘.२२’ एवढेच वाचून कोणतेही काडतूस त्यात घालू नये. ‘.२२ मॅग्नम’ हे निराळे आणि जाड काडतूस आहे. ते या घरासाठी नव्हेच.

मग निवड उरते ती कशाची? वेगाचा मोह प्रथम सोडावा. स्पर्धेच्या काडतुसातील गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते. हा वेग ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी, आणि तो जाणूनबुजून तसा राखलेला असतो. ध्वनीहून वेगाने निघालेली गोळी वाटेत त्या सीमेखाली उतरताना डळमळते.

दुसरा मोह नावाचा. इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ ही मातबर नावे. परंतु एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्येही फरक असतो आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. शेजाऱ्याच्या रायफलीला मानवलेला लॉट आपल्या रायफलीला मानवेलच असे नाही. म्हणून थोर नेमबाजही कारखान्याच्या चाचणीगृहात रायफल शिकंज्यात घट्ट बांधून, अनेक लॉट झाडून पाहतात आणि मगच हंगामाचा साठा एका लॉटमधून घेतात.

हे आपल्याकडेही साधते. चार लॉटची थोडी थोडी काडतुसे घ्यावीत. वारा पडलेल्या सकाळी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवावी. लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या मोजू नयेत. गोळीवरचे वंगण नळीत बसू द्यावे. मग प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन कागद करावेत. १० गुणांचे वर्तुळ १०.४ मि.मी.चे आणि गोळी ५.६ मि.मी.ची, रेषेला स्पर्श झाला तरी गुण मिळतो. म्हणजे गोळीच्या मध्याला १६ मि.मी.चे अंगण आहे. जो लॉट आपल्याच विखुरण्याने हे अंगण व्यापतो, तो मुलीच्या चुकीला जागाच ठेवत नाही. तिचा हात स्थिर असूनही ९ पडतो, आणि ती बिचारी स्वतःला दोष देत राहते. पालकांनी टाळायचे आहे ते हे.

निवडलेला लॉट जपावा. उन्हात उभ्या गाडीत काडतुसे ठेवू नयेत. वंगण वितळते, वेग बदलतो. उत्तम लॉट स्पर्धेसाठी राखावा, स्वस्त काडतूस स्थिती पक्की करण्यासाठी वापरावे.

आणि सर्वांत आधी हवाई रायफल. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, तोवर ‘.२२’चा सराव संस्थेच्या रायफलीवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावा. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिक येथे ६०० पैकी ५९७ गुणांनी विश्वविजेतेपद मिळविले, तेही याच ‘.२२’वर. मोठ्या बोअरचा हव्यास न धरता एक नळी, तिला मानवलेले एक काडतूस आणि वर्षानुवर्षांचा अभ्यास एवढे ज्या घराने सांभाळले, त्या घराने आपल्या मुलीसाठी पुष्कळ केले.